लेकरू विचारतं, ‘सर्दी येते कुठून?’



गव्हाणीत मोळी पडली, बॉयलर पेटला आणि गाळप सुरू झाले, की त्याच सुमारास आपल्या घराघरांत दुसराही एक हंगाम सुरू होतो. तो म्हणजे सर्दी-पडशाचा, खोकल्याचा आणि तापाचा. दिवाळीनंतरची थंडी, पैनगंगेच्या काठचे पहाटेचे धुके, आणि शाळेच्या एका खोलीत खेटून बसलेली पोरे. एकाच्या नाकाला पाणी सुटले की आठ दिवसांत सारा वर्ग शिंकू लागतो. मग लेकरू घरी येऊन विचारते, ‘‘माय, मले सर्दी काहून झाली?’’ आणि आपण सांगतो, ‘‘बोरं खाल्ली म्हणून.’’ नाहीतर, ‘‘डोकं ओलं ठेवलं म्हणून.’’ काहीच सुचले नाही तर, ‘‘सांगितलेलं ऐकत नाहीस म्हणून!’’

लेकरू ते खरे मानते. बोरे खाणे तर सोडत नाहीच, पण सर्दी झाली की ती लपवायला मात्र शिकते. नाक बाहीला पुसते आणि पाळण्यातल्या तान्ह्या बहिणीचा मुका घ्यायला जाते. हा लेख लिहावयाचे कारण तेच आहे. आठ-दहा वर्षांच्या मुलाला विषाणू म्हणजे काय आणि तो अंगात शिरतो कसा हे नीट उमगले, तर ते धाक न घालता चार दिवस तान्ह्या बाळापासून आणि म्हाताऱ्या आजापासून लांब राहते. हे समजावण्यासाठी जाड पुस्तके नकोत. आपले वावर आणि आपला कारखाना तेवढ्याला पुरेसा आहे.

सुरुवात वावरापासून करू. २०२३ च्या खरिपात सोयाबीनवर आलेला पिवळा मोझॅक आपल्या जिल्ह्यात कोण विसरेल? हिरवेगार शिवार बघता बघता पिवळे पडले. हा रोग बुरशीचा नव्हे, विषाणूचा. पांढरी माशी एका झाडाचा रस शोषते आणि विषाणू दुसऱ्या झाडावर नेऊन सोडते. उसावरही मोझॅक येतो. तो मावा किडीतून पसरतो आणि रोगट बेण्यातूनही येतो. गंमत अशी, की जगाला विषाणूचा पहिला पत्ता लागला तो माणसाच्या नाकात नव्हे, तर तंबाखूच्या पानात. रोगट पानाचा रस इतक्या बारीक चाळणीतून गाळला की त्यातून जिवाणूही जाऊ नयेत, तरी तो रस दुसऱ्या झाडाला रोगी करतो, हे रशियातील इव्हानोव्स्की यांनी १८९२ साली दाखवले. पुढे १८९८ मध्ये हॉलंडच्या बायरिंक यांनी सांगितले की हा काही निराळाच प्रकार आहे. म्हणजे शेतकऱ्याच्या मुलाला विषाणू समजावणे सर्वांत सोपे. ‘‘सोयाबीनला झाला होता ना, तसलाच एक, पण माणसाचा,’’ एवढे म्हटले तरी निम्मे काम झाले.

पुढचा प्रश्न ठरलेला असतो : तो दिसतो का? दिसत नाही. किती बारीक, हे सांगायला साखरेचा एक दाणा मुलाच्या तळहातावर ठेवा. आपल्या एस-३० साखरेचा दाणा जवळपास एक मिलिमीटरचा असतो. त्या दाण्याच्या एका कडेवर फ्लूचे विषाणू एका ओळीत बसवले तर सुमारे दहा हजार बसतील. पोराच्या तोंडाचा आ होईल तो होऊ द्या. मग ते दाणा खाऊन टाकेल, खाऊ द्या.

यानंतर जो प्रश्न येतो तो भल्याभल्यांना अडवतो. ‘‘तो जित्ता असते का मेलेला?’’ शास्त्रज्ञ यावर अजून वाद घालतात, पण आपल्याला उत्तर देता येते. तोडणीची चिठ्ठी आठवा. चिठ्ठी स्लीपबॉयच्या खिशात आहे तोवर तो नुसता कागद. कागद काही ऊस तोडत नाही, मोळ्या बांधत नाही, चालतही नाही. पण तीच चिठ्ठी टोळीच्या मुकादमाच्या हाती पडली की सारे कोयते चालू लागतात. विषाणू ही अशीच एक चिठ्ठी आहे. लिफाफ्यात घातलेली आणि खोटी. तिच्यावर एवढेच लिहिलेले असते : ‘माझ्यासारख्या आणखी चिठ्ठ्या छापा.’ तिला हात नाहीत, पाय नाहीत, पोट नाही. दुसऱ्याच्या कारखान्यात शिरल्याखेरीज तिच्याने काही होत नाही.

आणि कारखाने आपल्या अंगात मोजता येणार नाहीत इतके आहेत. त्यांना पेशी म्हणतात. नाकापासून फुप्फुसापर्यंतच्या वाटेला आतून या पेशींचे अस्तर असते. प्रत्येक पेशीला कुंपण आहे, गेट आहे, आत यंत्रे आहेत, आणि वरून येणाऱ्या हुकमाप्रमाणे ती यंत्रे शरीराला लागणारा माल बनवीत असतात. खोटी चिठ्ठी गेटवर येते आणि पास दाखवते. फ्लूच्या विषाणूचा पास कशाला चिकटतो ठाऊक आहे? पेशीच्या कुंपणावर साखरेच्याच जातीच्या रेणूंच्या साखळ्या लोंबत असतात, त्यांच्या टोकाच्या एका रेणूला! साखर कारखान्याच्या सभासदाच्या पोराला ही गोष्ट जन्मभर लक्षात राहील. कोरोनाच्या विषाणूचा पास निराळा आणि तो चिकटतो ती कडीही निराळी. पण रीत तीच.

गेट उघडले की लिफाफा फुटतो, चिठ्ठी आत जाते आणि यंत्रांवर बसते. यंत्रांना खरे-खोटे कळत नाही. समजा, आपल्या कारखान्यात कोणी खोटा हुकूम लावला की आजपासून साखर बंद, रात्रंदिवस फक्त चिठ्ठ्या छापा, तर काय होईल? गोदाम रिकामे होईल, इंधन संपेल, आणि शेवटी भिंत फुटून चिठ्ठ्या बाहेर उधळतील. पेशीचे तसेच होते. फ्लूचा विषाणू पेशीत शिरल्यापासून सहा ते आठ तासांत नवे विषाणू बाहेर पडू लागतात. एका पेशीतून शेकडो, हजारो. त्यातला प्रत्येक जण शेजारच्या कारखान्याच्या गेटवर जाऊन उभा राहतो. सकाळी शाळेत शिरलेला फ्लू दोन दिवसांनी घरभर का होतो, ते मुलाला आता वेगळे सांगावे लागत नाही.

तो गेटपर्यंत येतो कसा, हे दाखवायला दोन सोपे खेळ आहेत. टिनाच्या छपराला खिळ्याचे भोक असतेच. त्यातून दुपारी येणाऱ्या कवडशात धूळ तरंगताना मुलाला दाखवा. आपण बोलतो, खोकतो, शिंकतो तेव्हा थुंकीचे बारीक कण असेच हवेत उडतात. जड कण चार-सहा फुटांत खाली बसतात, हलके कण बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. म्हणून खिडकी उघडी हवी, आणि शिंक आली तर तोंडासमोर कोपर हवे. दुसरा खेळ हळदीचा. मुलाच्या तळहाताला चिमूटभर हळद चोळा आणि अर्धा तास खेळू द्या. मग हळद कुठे कुठे लागली ते त्यालाच शोधायला लावा. दाराची कडी, पाण्याचा गुंड, मोबाईल, भावाचा गाल, आणि बहुतेक वेळा स्वतःचे नाक. साबण का लावायचा तेही इथेच सांगून टाका. फ्लू आणि कोरोना यांच्या लिफाफ्याला मेदाचा थर असतो. मिस्त्रीच्या हाताचे ग्रीस नुसत्या पाण्याने जात नाही, साबणाने सुटते, तसा हा थर साबणाने विरघळतो आणि लिफाफा फाटतो.

विषाणू स्वतः कोसभरही चालत नाही. त्याला माणूस नेतो. आपल्या भागातल्या जुन्या लोकांच्या तोंडी ‘मानमोडी’ हा शब्द असे. १९१८ ची ती साथ म्हणजे फ्लूच होता. जूनमध्ये तो मुंबई बंदरात उतरला, आगगाडीबरोबर देशभर गेला, आणि त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतरच्या दुसऱ्या लाटेने मध्य प्रांत व वऱ्हाडात हाहाकार केला. हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे गेली. १९११ ते १९२१ या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली, त्याचे मोठे कारण हीच साथ. त्या वेळी हा रोग विषाणूचा आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. माणसाचा फ्लूचा विषाणू हाती लागला तो १९३३ साली. त्यानंतर कोरोना आपण स्वतः पाहिला. मार्च २०२० मध्ये दुबईच्या सहलीवरून परतलेल्यांत यवतमाळची मंडळी होती, आणि जिल्ह्यातले पहिले रुग्ण त्यांच्यातूनच निघाले. राज्यभरात लाखाहून अधिक ऊसतोड कामगार फडावर अडकून पडले आणि त्यांना घरी परतायला परवानगी मिळेस्तोवर एप्रिलचा मध्य उलटला. आज आठ-दहा वर्षांच्या मुलांना ते दिवस आठवत नाहीत. सांगायला हवेत, भीती घालण्यासाठी नव्हे.

कारण भीतीबरोबर दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे. आपले शरीर काही उघडे गोदाम नाही. नाकातला शेंबूड पोरांना घाणेरडा वाटतो, पण ती पहिली राखण आहे. श्वासनळीच्या आत चिकट पातळ थर असतो आणि त्याखाली केसांहून कितीतरी बारीक अशी लव असते. ती एका सेकंदात दहा-दहा वेळा हलते आणि अडकलेली धूळ, कचरा, विषाणू घशाकडे ढकलत नेते. आपली गव्हाण ऊस आत नेते, ही गव्हाण कचरा बाहेर आणते. खोकला म्हणजे याच कामाला दिलेला झटका.

आणि ताप? ताप विषाणू पेटवत नाही, आपले शरीर पेटवते. अंग तापले की चिठ्ठ्या छापण्याचे काम मंदावते आणि आपले शिपाई चपळ होतात. म्हणून अंग जरा कोमट लागले की लगेच घाबरून जाण्याचे कारण नाही. लेकरू तापाने कासावीस असेल तर डॉक्टरांनी वजनाप्रमाणे सांगितलेली पॅरासिटामॉलची मात्रा द्यावी, पाणी-पेज पाजावी, आणि तीन-तीन गोधड्यांत गुंडाळू नये. मात्र दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर थांबू नये, दवाखान्यात न्यावे.

शिपायांना खोटा पास पहिल्यांदा ओळखायला आठवडाभर लागतो. एकदा ओळखला की ते विसरत नाहीत. लस म्हणजे तरी काय? चोर यायच्या आधीच त्याच्या खोट्या पासाचा फोटो गेटवर चिकटवणे. गोवराच्या विषाणूचा पास वर्षानुवर्षे बदलत नाही, म्हणून ९ ते १२ महिन्यांत एक आणि १६ ते २४ महिन्यांत दुसरा असे गोवर-रुबेलाचे दोन डोस पुरतात. फ्लू मात्र लबाड आहे. तो वारंवार पासाचा रंग बदलतो, त्यामुळे त्याची लस दर वर्षी नवी लागते. गोवराबद्दल एक बाब येथे नमूद करणे भाग आहे. ‘माता आली’ म्हणून दार लावून घेणारी घरे अजून आहेत. गोवर हादेखील श्वासावाटे शिरणाराच विषाणू आहे, आणि रोगी खोली सोडून गेला तरी तो तिथल्या हवेत दोन तासांपर्यंत राहतो. लिंब दाराला बांधायचा तर बांधा, पण दवाखाना चुकवू नका.

आता मुख्य बाब. ज्या विषाणूने दहा वर्षांच्या पोराला नुसते दोन दिवस नाक गळते, तोच पाच महिन्यांच्या बाळाला मरणाच्या दारात का नेतो? ठिबक बसवलेल्या सभासदाला हे लगेच कळेल. मेन लाइनमध्ये मूठभर गाळ गेला तरी पाणी चालते, ड्रीपरमध्ये कणभर अडकला तरी ते बंद. बाळाच्या फुप्फुसातल्या शेवटच्या नळ्या ड्रीपरसारख्याच अरुंद असतात. सूज आणि शेंबूड थोडाच, पण वाट बंद. आरएसव्ही नावाचा विषाणू हेच करतो. मोठ्यांना साधे पडसे, सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला धाप. आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, मेळघाटात, या विषाणूचा गावोगाव अभ्यास झाला. त्यात दवाखान्यापर्यंत न पोहोचता घरीच दगावलेल्या बाळांतही तो आढळला.

शिवाय विषाणूने अस्तर फाडले की मागून जिवाणू शिरतात. कुंपण तुटलेल्या वावरात रानडुकरे घुसायला किती वेळ लागतो? हाच न्यूमोनिया. जुन्या बाया त्याला ‘डबा’ म्हणतात आणि काही ठिकाणी पोटाला चटके देतात. रोग छातीत आणि चटका पोटाला, असा हा प्रकार आहे! त्यात लेकराचे हाल होतात आणि मोलाचा वेळ जातो.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी या रोगावर जे काम केले ते प्रत्येक माऊलीने ऐकावे असे आहे. त्यांनी गावातल्याच आरोग्यदूतांना व दायांना बाळाचे श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला आणि जिवाणूवरचे औषध द्यायला शिकवले. ज्या दाईला पन्नासपर्यंत मोजता येत नव्हते, तिला मिनिटाची वाळूची घटिका आणि मण्यांची ओळ दिली. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, एवढेच. बालमृत्यू घटले. १९९० साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास छापून आला.

आपल्या घरी तर प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आणि घड्याळ आहे. बाळ शांत वा झोपलेले असताना झबले वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. रडताना, दूध पिताना मोजू नका. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा अधिक, दोन महिने ते वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास असतील तर तो न्यूमोनिया समजून त्याच दिवशी दवाखाना गाठा. श्वास घेताना बरगडीखाली खळगा पडत असेल, बाळ दूध ओढत नसेल, ओठ निळे दिसत असतील तर सकाळची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा. चौथी-पाचवीतल्या मुलीला हे मोजणे शिकवा. ती आपल्यापेक्षा बिनचूक मोजते.

येथे आपल्या फडावरच्या कोप्यांचा विषय निघतोच. आपला ऊस तोडायला जी कुटुंबे येतात त्यांची लेकरे पाचटाच्या कोपीत, चुलीच्या धुरात, उघड्यावरच्या गारठ्यात हंगाम काढतात. धुराने श्वासनळीतली ती लव मंदावते, म्हणजे पहिली राखणच झोपी जाते. सभासदांनी एवढे पाहावे की चूल कोपीच्या बाहेर आडोशाला पेटेल आणि कोपीला समोरासमोर हवा खेळेल. टोळी फडात उतरली की पाच वर्षांच्या आतली लेकरे किती, हे मुकादमाला विचारून गावच्या आशाताईंना कळवावे. लसीचा डोस मूळ गावी चुकला असला तरी तो इथे मिळतो. न्यूमोनियाच्या एका मोठ्या कारणावरची न्यूमोकोकल लसही २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात मोफत आहे.

इंजेक्शनचा आग्रह हा आपल्या भागातला जुना आजार. ‘‘डॉक्टर, एक सुई माराच!’’ पिवळ्या मोझॅकवर बुरशीनाशक फवारले तर काय होते? पैसे जातात, पाने पिवळीच राहतात. साध्या सर्दीवर जिवाणूंचे औषध घेणे हे तसेच आहे. वर आणखी, जिवाणू त्या औषधाला सरावतात आणि खऱ्या न्यूमोनियाच्या वेळी ते उपयोगी पडत नाही. फ्लूवर विषाणूविरोधी औषध आहे, पण ते कोणाला द्यायचे हे डॉक्टरांनी ठरवायचे.

एवढे सगळे ऐकून झाल्यावर मुलाचा शेवटचा प्रश्न बहुधा व्यवहाराचा असतो. ‘‘मंग मी छोटीले कवा घेऊ?’’ ताप जाऊन, तोही औषध न देता, पुरता एक दिवस झाला, नाक आणि खोकला आटोक्यात आला, आणि हात साबणाने धुतले, की खुशाल घे. तोवर दारातून तिला वाकुल्या दाखवायला हरकत नाही.